वाळूला शेवटचं ऊन लागलं तेव्हा

तामिळनाडूत चेन्नईच्या वायव्येला, कोर्तलैयार नदीच्या खोऱ्यात अत्तिरंपाक्कम हे गाव आहे. रॉबर्ट ब्रूस फूट यांना 1863 मध्ये तिथे अश्मयुगीन हत्यारं सापडली. ती किती जुनी, हे सांगणं पुढे शंभराहून अधिक वर्षं अवघडच राहिलं. दगड कधी फोडला, हे दगडावरून कळत नाही आणि कार्बन-14 पद्धत साधारण 50,000 वर्षांपलीकडे पोचत नाही.

उत्तर हत्याराभोवतीच्या गाळात होतं. वाळूतल्या क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारच्या कणांना ऊन लागलं की त्यांच्यात साठलेली ऊर्जा निघून जाते. कण गाडले गेले की युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गामुळे स्फटिकातल्या दोषांत इलेक्ट्रॉन अडकू लागतात. प्रयोगशाळेत त्यांच्यावर निळा किंवा अवरक्त प्रकाश सोडला, की ते सुटतात आणि कण अगदी मंद उजळतो. त्या उजेडावरून आजवर साठलेली किरणोत्सर्गाची मात्रा काढायची, तिला वर्षाच्या मात्रेने भागायचं. येतं ते गाडलं गेल्यापासूनचं वय. डेव्हिड हंटली आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये ही पद्धत मांडली.

खरी कसोटी नमुना घेताना लागते. खड्ड्याच्या भिंतीत धातूची नळी ठोकायची, बाहेर काढताच तोंडं बंद करायची आणि उघडायची ती प्रयोगशाळेच्या मंद लाल उजेडात. टोकांकडची, उजेड पाहिलेली माती वयासाठी वापरायची नाही. गाळातली ओलही मोजावी लागते, कारण पाणी किरणोत्सर्ग शोषतं.

क्वार्ट्झ साधारण लाख-दोन लाख वर्षांत भरून जातो. पुढे फेल्डस्पारच कामाला येतो. अत्तिरंपाक्कमला तोच आला. शांती पप्पू, कुमार अखिलेश यांचं उत्खनन आणि अशोक सिंघवी यांच्यासह अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतलं कालमापन, यांतून 2018 मध्ये निष्कर्ष आला: तिथली मध्य पुराश्मयुगीन संस्कृती 3,85,000 ± 64,000 वर्षांपूर्वी सुरू झाली. दक्षिण आशियासाठी तोवर मानलेल्या काळापेक्षा ही तारीख फार मागची आहे. चौसष्ट हजारांचा फरक मोठा वाटेल, पण तो उघडपणे छापला जातो, म्हणूनच या आकड्यावर माझा विश्वास बसतो.

वाचकांना एक विनंती. गोदावरी, भीमा, कृष्णेच्या काठी मातीत रुतलेला घडीव दगड दिसला, तर उपटून घरी नेऊ नका. फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. त्याचं वय भोवतालच्या मातीतच आहे.