उसन्या भाताचं शहर

आमच्या आईची सकाळ गेली कित्येक वर्षं सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सुरू होते. सुमारे दहा एकरांच्या या जपानी वळणाच्या बागेचं दुसरं नाव ‘पुणे-ओकायामा मैत्री उद्यान’. ओकायामा शहरातल्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेवरून ती बेतली आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जपानला निघालो, तेव्हा लेकीची यादी तोक्योपासून सुरू झाली. आईची यादी एका ओळीची होती : “मला माझ्या बागेचं माहेर बघायचंय.”

शिन-ओसाकाहून वेगवान शिंकान्सेन पाऊण तासात ओकायामाला पोचवते. ही गाडी इथवर आली १९७२ साली. स्टेशनाबाहेर पडताच एका मुलाचा पुतळा दिसतो आणि त्याच्या सोबतीला कुत्रा, माकड आणि एक रानपक्षी. हा मोमोतारो, नदीतून वाहत आलेल्या पीचमधून जन्मलेला मुलगा. तो राक्षसांच्या बेटावर लढायला निघतो तेव्हा त्याची म्हातारी आई त्याला शिदोरी म्हणून किबिदांगो देते. वाटेत भेटलेल्या तिघा प्राण्यांना तो एकेक गोळा देतो आणि ते त्याचे सैनिक होतात. ‘किबी’ हे या प्रदेशाचं जुनं नाव आणि आपल्या वरीच्या कुळातल्या एका धान्याचंही. आजचे किबिदांगो मुख्यतः चिकट तांदळाच्या पिठाचे असतात, त्यात थोडी किबी. मऊ, लिबलिबीत, बेताचे गोड. वरी म्हटल्यावर आईचे डोळे चमकले होते. “पण तांदूळ आहे ना, म्हणजे उपासाला नाही चालायचे,” तिने निकाल दिला आणि दोन खाल्ले.

इथली ट्राम १९१२ पासून धावते आणि तिचे सगळे मार्ग मिळून जेमतेम ४.७ किलोमीटर भरतात. शिरोशिता थांब्यावर उतरून चालत गेलं की आसाही नदीकाठी काळा किल्ला उभा राहतो. उकिता हिदेइए या सरदाराने तो १५९७ मध्ये पुरा केला. जवळच्या हिमेजीच्या पांढऱ्याशुभ्र किल्ल्याला ‘बगळ्याचा’ म्हणतात. हा ‘कावळ्याचा किल्ला’. खंदकाचं काम भागावं म्हणून खुद्द नदीचंच पात्र वळवलेलं.

आत शिरलो तर लिफ्ट! नवरा हिरमुसला, आई खूश झाली. २९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकी विमानांनी शहरावर आगीचे बॉम्ब टाकले, त्यात मूळ किल्ला जळाला. आज दिसतो तो १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये उभारलेला. जुन्या इमारतींपैकी वाचले ते थोडे बुरूज. त्यातला एक ‘चंद्र पाहण्याचा बुरूज’. लढाईच्या वास्तूत चांदणं बघायची सोय ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला उगाच आपुलकी वाटली.

जेवायला बाराझुशी मागवली. आंबूस भातावर कोळंबी, कमळकाकडी, शिताके मशरूम, अंड्याच्या पोळीच्या केसासारख्या बारीक पट्ट्या आणि सावारा मासा. हा सावारा म्हणजे आपल्या सुरमईचा सख्खा भाऊ. या थाटामागे एक दंतकथा सांगतात. सतराव्या शतकात इथला सरदार इकेदा मित्सुमासा याने काटकसरीचं फर्मान काढलं : जेवणात एक आमटी आणि एकच तोंडीलावणं. लोकांनी मान डोलावली आणि मासे, भाज्या सगळं भाताखाली लपवलं. वरून पाहावं तर साधा भात. जेवायच्या वेळी डबा उपडा केला की मेजवानी.

सोबत आले ममाकारी, तारलीच्या कुळातले छोटे, व्हिनेगरमध्ये मुरवलेले मासे. आपण बाळाला मम्मं भरवतो, तसं इथे ‘मामा’ म्हणजे भात. ‘कारी’ म्हणजे उसनं घेणं. मासा इतका चविष्ट, की घरातला भात संपतो आणि शेजारून उसना आणावा लागतो! नवऱ्याने नावाला जागून दोनदा भात मागवला. आई शाकाहारी. इथल्या साध्या दिसणाऱ्या भाजीच्या रश्शातही सुक्या माशाचं पाणी असतं, हे कळल्यापासून तिचा विश्वास फक्त कोरा भात, फळं आणि पुण्याहून आणलेल्या डब्यावर होता. इथले पांढरे पीच उन्हाळ्यातले, ते आम्हाला हुकले. पण ओकायामा द्राक्षांचाही मुलूख आहे. हिरव्या शाइन मस्कतच्या घोसाची किंमत ऐकून आईने नाशिकची आठवण काढली, मणी तोंडात टाकल्यावर मात्र गप्प बसली.

त्सुकिमी पूल ओलांडला की कोराकुएन. मित्सुमासाचा मुलगा त्सुनामासा याने ही बाग १६८७ मध्ये सुरू करवली आणि १७०० मध्ये ती पुरी झाली. जपानच्या तीन थोर बागांत तिची गणना होते. क्षेत्रफळ १३.३ हेक्टर, म्हणजे आपल्या पुण्याच्या बागेच्या तिप्पट. आई दारातच थबकली. मग तिची ओळखपरेड सुरू झाली : “हे तळं... ही हिरवळ... ही टेकडी आपल्याकडेही आहे.” भाताचं खाचर आणि चहाचा मळा मात्र तिला नवा होता. र्‍युतेन नावाच्या माडीखालून चक्क ओढा वाहतो. फरशीच्या काठावर बसून पाण्यात पाय सोडावेत असं वाटतं. ही माडी बॉम्बहल्ल्यातून वाचली.

बाकीची बाग वाचली नाही. १९३४ च्या पुराने ती बुडवली होती, युद्धात तिच्या हिरवळीवर शेती झाली, मग बॉम्ब पडले. एदो काळात काढलेली चित्रं समोर ठेवून ती पुन्हा उभी केली गेली. म्हणजे ज्याला आम्ही ‘अस्सल’ समजून बघायला आलो, तेही स्वतःच्याच जुन्या चित्रांची नक्कल होतं.

नावही उसनंच. १८७१ मध्ये ठेवलेल्या ‘कोराकु’ या शब्दामागे जुना चिनी विचार आहे : राज्यकर्त्याने चिंता लोकांच्या आधी करावी आणि सुख लोकांच्या नंतर घ्यावं. तळ्याकाठून पलीकडे काळा किल्ला दिसतो, मागे मिसाओ डोंगर. दोन्ही बागेच्या हद्दीबाहेर, तरी चित्रात बेमालूम बसलेले. या तंत्राला शाक्केई म्हणतात, शब्दशः ‘उसनं दृश्य’. ममाकारीतला भात आणि हे दृश्य, दोन्हीकडे तोच व्यवहार.

पिंजऱ्यात लाल टोपीचे क्रौंच उभे होते. बागेतले पूर्वीचे क्रौंच युद्धानंतर उरले नव्हते. १९५६ मध्ये चिनी लेखक गुओ मोरुओ यांनी एक जोडी भेट पाठवली. तरुणपणी ते ओकायामात शिकले होते. लेक म्हणाली, “म्हणजे फी भरली त्यांनी.”

चार वाजता आम्ही बागेतल्या चहाच्या दुकानात टेकलो. हिरवा फेसाळ माच्चा, शेजारी किबिदांगो. ट्रे परत करायला मी उठले, तशी आईने हात धरून थांबवलं. पिशवीतून बेसनाचे दोन लाडू काढले आणि कागदी रुमालावर ट्रेमध्ये मांडले.

“अगं आई, इथे टिपसुद्धा घेत नाहीत.”

“टिप कोण देतंय? इतकी वर्षं यांची बाग वापरतेय मी. उसनी आणलेली वाटी रिकामी परत द्यायची नसते.”

दुकानातल्या बाई आधी गोंधळल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी ट्रे घेतला आणि कमरेतून वाकल्या. आईही वाकली, गुडघ्याला झेपेल तेवढी.