प्रकाशाचे दप्तर – लेखांक ७ : १९१७ची काच

जे फारिही हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले खगोलशास्त्रज्ञ. आयुष्य संपलेल्या ताऱ्यांभोवती एकेकाळी ग्रह होते का, या विषयावर ते एक सविस्तर निबंध लिहीत होते. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. विषयाचा इतिहास लिहिताना त्यांना एका ताऱ्याचा अगदी पहिला वर्णपट पाहावासा वाटला. हा तारा मीन तारकासमूहातला, आपल्यापासून सुमारे १४ प्रकाशवर्षांवरचा. तो व्हॅन मानेन यांनी शोधला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याचा वर्णपट वॉल्टर ॲडम्स यांनी १९१७च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर छायाचित्रणाच्या काचेवर घेतला होता. फारिहींनी पॅसाडेनाच्या कार्नेगी वेधशाळेला विचारले, ती काच अजून तुमच्याकडे आहे का?

होती. जवळपास शंभर वर्षे ती आपल्या पाकिटात, तारखेसकट जपलेली होती. तारा सूर्यापेक्षा थोडा गरम दिसतो, अशा अर्थाची नोंदही पाकिटावर होती.

त्या काचेवर ताऱ्याच्या प्रकाशाची एक अरुंद पट्टी आहे आणि पट्टीत दोन ठिकाणी खंड पडलेला दिसतो. मागच्या लेखांकांत आपण शोषणरेषा पाहिल्या. त्यातल्याच या दोन, कॅल्शियमच्या. सूर्याच्या वर्णपटातही त्या ठळक असतात, त्यामुळे ॲडम्सना त्यात खटकण्यासारखे काही वाटले नसावे. पण व्हॅन मानेनचा तारा सूर्यासारखा नाही, तो श्वेत बटू आहे. इंधन संपून आकसलेला, पृथ्वीएवढ्या आकारात सूर्याच्या तोडीचे वस्तुमान कोंबलेला. त्याच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण इतके जबर असते की जड मूलद्रव्ये ताऱ्याच्या वयाच्या मानाने फार थोड्या काळात तळाशी बुडून जातात आणि वर हायड्रोजन किंवा हेलियम तेवढा उरतो. मग कॅल्शियम वर कसे? ते बाहेरून पडत असले पाहिजे. ताऱ्याभोवती ग्रहमालेचे अवशेष असतील, त्यातले खडक फुटून ताऱ्यावर कोसळत असतील, तरच त्या दोन रेषांचा उलगडा होतो.

ॲडम्स यांना हे कळणे शक्यच नव्हते. श्वेत बटू इतका घट्ट कसा राहू शकतो, याचे उत्तर राल्फ फाउलर यांनी १९२६ साली दिले आणि चंद्रशेखरांचे काम त्याच्याही नंतरचे. सूर्याखेरीज दुसऱ्या कोणाभोवती ग्रह असल्याची पहिली पक्की खात्री झाली ती १९९२ साली. म्हणजे दुसऱ्या ग्रहमालेचा पहिला पुरावा माणसाच्या हाती त्याआधी ७५ वर्षे आलेला होता, आणि तो पाकिटात घालून कपाटात ठेवला गेला. कपाटात ठेवला गेला म्हणूनच तो वाचला, हेही खरे. कार्नेगीकडे अशा सुमारे अडीच लाख काचा आहेत. त्यांची जागा, त्यांची देखभाल, त्यांची यादी हे सगळे कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. त्या माणसांची नावे कोणत्याही निबंधात येत नाहीत, ही गोष्ट मला लागून राहते.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल ज्यांनी सोडून पाहिले असतील, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. कारकुनाने घोड्यांच्या चंदीचा हिशेब मांडला तो पैसे चुकते करायला. पुढे त्याच कागदावरून कोणी धान्याचे भाव काढतो, कोणी दुष्काळाचे साल ताडून पाहतो. वर्णपटाचेही तसेच आहे. दुर्बिणीने एका रात्रीचा प्रकाश तरंगलांबीनुसार पसरून ठेवला की त्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तर असतेच, शिवाय न विचारलेले बरेच काही असते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण हार्वर्डचे. तिथे एडवर्ड पिकरिंग यांच्या हाताखाली विल्यमिना फ्लेमिंग, अँटोनिया मॉरी, ॲनी जम्प कॅनन या स्त्रियांनी काचांवरचे वर्णपट डोळ्यांनी पाहून ताऱ्यांचे वर्ग पाडले. १९१८ ते १९२४ या काळात हेन्री ड्रेपर सूचीचे नऊ खंड निघाले. त्यात २,२५,३०० तारे होते आणि वर्गवारी कॅनन यांची. उद्देश होता तो वर्गवारीपुरता. १९२३ साली इंग्लंडहून सेसिलिया पेन नावाची तरुणी तिथे आली. मेघनाद साहांनी १९२० साली मांडलेले आयनीभवनाचे सूत्र तिने अभ्यासले होते. तापमानानुसार अणूंचे इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटतात, हे त्या सूत्राने काढता येते. ते सूत्र तिने हार्वर्डच्या त्याच काचांना लावले. उत्तर आले की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत आणि धातू त्यापुढे नगण्य. त्या काळी सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच द्रव्यांचा आहे असे मानले जाई. हेन्री नॉरिस रसेल यांच्यासारख्या ज्येष्ठाने आक्षेप घेतल्यावर १९२५च्या प्रबंधात तिला आपलाच निष्कर्ष जवळजवळ नक्कीच खरा नाही असे लिहावे लागले. चारच वर्षांत रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोचले. तारे कशाचे बनले आहेत हे आपल्याला कळले ते दुसऱ्यांनी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या वर्णपटांतून, आणि एका भारतीय शास्त्रज्ञाच्या सूत्रातून.

काचेला एक मोठी मर्यादा होती. ती पाहायला काचेपर्यंत जावे लागे. ही अडचण दूर करणाऱ्या उपक्रमांत मी सर्वांत आधी आययूई या उपग्रहाचे नाव घेईन. इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्सप्लोरर २६ जानेवारी १९७८ रोजी सुटला. आरसा जेमतेम ४५ सेंटिमीटरचा. अपेक्षा तीन वर्षांची होती, तो सप्टेंबर १९९६पर्यंत चालला आणि एक लाखाहून अधिक अतिनील वर्णपट देऊन गेला. हा प्रकाश वातावरणातून खाली पोचतच नाही, त्यामुळे जमिनीवरून ते वर्णपट पुन्हा घेता येणार नाहीत. निरीक्षकाला काही महिन्यांची मुभा असे आणि त्यानंतर माहिती सर्वांना खुली होई. शेवटी सगळे वर्णपट मुळापासून नव्याने, एकाच पद्धतीने तयार करण्यात आले, कारण उपकरणाचे दोष १९७८ साली जितके समजले होते त्यापेक्षा नंतर कितीतरी नीट समजले. हे शक्य झाले ते कच्ची नोंद टाकून न दिल्यामुळे. नुसता स्वच्छ केलेला आलेख ठेवला असता तर त्या काळच्या चुकाही त्यात कायमच्या मुरल्या असत्या.

इथे त्या पाकिटावरच्या नोंदीकडे पुन्हा वळू. आज पाकिटाची जागा फिट्स या फाइल-स्वरूपाने घेतली आहे. १९८१ साली त्याची रीतसर मांडणी प्रसिद्ध झाली आणि आजही जगभरच्या वेधशाळा तेच वापरतात. फाइलीच्या माथ्याशी साध्या अक्षरांतल्या ओळी असतात. कोणती दुर्बीण, कोणती तारीख, आकाशातली जागा, प्रकाश किती सेकंद घेतला, आकड्यांचे एकक काय. प्रत्येक ओळ नेमकी ८० अक्षरांची, कारण तेव्हाच्या संगणकांच्या छिद्रांच्या पत्त्यांवर ८० रकाने असत. नवी आवृत्ती आली तरी जुनी फाइल वाचता आलीच पाहिजे, हा नियम पहिल्यापासून पाळला गेला. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपली जुनी हस्तलिखिते संगणकात साठवायला हेच स्वरूप निवडले, यात मला मुळीच नवल वाटत नाही.

मग आला स्लोन आकाश सर्वेक्षणाचा काळ. न्यू मेक्सिकोत अपाची पॉइंटला अडीच मीटरची दुर्बीण. आधी आकाशाच्या एका तुकड्याचा नकाशा करायचा, त्यातल्या निवडक दीर्घिका आणि तारे जिथे दिसणार तिथे ॲल्युमिनियमच्या तबकडीला भोके पाडायची आणि दिवसा माणसांनी बसून त्या भोकांत एकेक प्रकाशतंतू हाताने खोवायचा. सुरुवातीला एका तबकडीत ६४० तंतू असत, पुढे १००० झाले. रात्री तितके वर्णपट एकदम मिळत. २००१पासून हे सगळे टप्प्याटप्प्याने खुले होत गेले आणि घरबसल्या कोणालाही पाहता येऊ लागले.

या संग्रहातला मला सर्वांत आवडणारा शोध ॲडम बोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी अशा दीर्घिकांचे वर्णपट चाळले की ज्यांच्या बहुतेक रेषांचे लाल बाजूला सरकणे एका अंतराशी जुळते, पण दोन-चार रेषा मात्र हट्टाने दुसरेच, जास्तीचे अंतर सांगतात. एका तंतूत दोन दीर्घिकांचा प्रकाश शिरला होता, जवळच्या दीर्घिकेचा आणि बरोबर तिच्या मागे दडलेल्या दुसरीचा. मागचा प्रकाश पुढच्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने वाकत असणार, या अंदाजाने त्यांनी हबल दुर्बिणीकडून छायाचित्रे मागवली आणि डझनावारी ठिकाणी प्रकाशाची कडी दिसली. पुढची दीर्घिका किती जड आहे हे अशा कड्यांवरून थेट मोजता येते. वर्णपट घेणाऱ्यांच्या दृष्टीने त्या दोन-चार रेषा म्हणजे फक्त कचरा ठरल्या असत्या.

पुण्याला हे काम नवे नाही. कावसजी दादाभाई नेगमवाला यांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या सायन्स कॉलेजात होती आणि तिथे वर्णपट घेतले जात. १९१२ साली ती बंद झाली, दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. नंतर इथल्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेने पर्सिस्टंट सिस्टिम्स या सॉफ्टवेअर कंपनीबरोबर व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरीचे भारतीय काम उभे केले. जगभरचे संग्रह एकाच बोलीत बोलावेत, अशी ती आंतरराष्ट्रीय खटपट आहे. आयुकाच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला भारत-अमेरिका संग्रहही २००४पासून खुला आहे. अमेरिकेतल्या किट पीकवर ०.९ मीटरच्या दुर्बिणीने घेतलेले १२७३ ताऱ्यांचे वर्णपट त्यात आहेत. दूरच्या दीर्घिकेत कोणत्या जातीचे तारे किती, हे ठरवताना असे नमुने शेजारी ठेवावे लागतात.

आता हाताने करून पाहण्याची गोष्ट. स्लोन संग्रहातली कोणतीही उजळ रेषा असलेली दीर्घिका उघडा. हायड्रोजनची लाल रेषा हवेत ६५६३ अँगस्ट्रॉमवर असते, पण या संग्रहात तरंगलांबी निर्वातातली धरलेली असल्याने ६५६५ घ्या. समजा ती तुम्हाला ७२२१वर सापडली. ७२२१ला ६५६५ने भागा, १.१ येईल. एक वजा केला की उरलेला ०.१ ही ताम्रसृती, म्हणजे रेषा लाल बाजूला किती सरकली याचे माप, आणि तो प्रकाश सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. आता त्याच १.१ने बाकीच्या रेषा तपासा. एखादी जुळली नाही तर तिचा आकडा वहीत लिहून ठेवा. मात्र ५५७९च्या आसपास एकुलती एक टोकदार रेघ दिसली तर लगेच हुरळून जाऊ नका. ती आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनची असते. रात्रीचे आकाश पूर्ण काळे कधीच नसते, आणि त्याचा स्वतःचा प्रकाश वर्णपटातून कसा वजा करतात ते पुढच्या आठवड्यात.