संगणकासाठी टीव्ही घेताना

"मामा, मॉनिटर नको, ४३ इंची टीव्हीच घेऊ. अभ्यास, गेम, सगळं एकावरच!" भाच्याचं बारावीचं वर्ष, ताईचं बजेट एकाच पडद्याचं. म्हणून इथल्या, इंदूरच्या दुकानात आम्ही लॅपटॉप आणि केबल घेऊनच गेलो.

दुकानातला धबधब्याचा व्हिडिओ सगळ्याच टीव्हींवर छान दिसतो, त्यावर जाऊ नका. लाल रंगात बारीक अक्षरं टाइप करून बघा. कडा पसरट दिसल्या तर टीव्ही रंगांची माहिती गाळतोय. इनपुटला 'पीसी' नाव दिलं की पुष्कळदा सुधारतं; नाहीच सुधारलं तर पुढचा टीव्ही बघा. ४३ इंचांत फुल एचडीला इंचामागे जेमतेम ५१ ठिपके, फोर-केला १०२. टेबलाशी बसून वाचायचं तर फोर-केच हवा. मात्र लॅपटॉपचं पोर्ट एचडीएमआय १.४ असेल, तर सेकंदाला ३० चित्रांवरच गाडी अडते आणि माउस रेंगाळतो.

गेम मोड लावून बटण दाबून बघाच. १२० हर्ट्झचे जादा पैसे आम्ही वाचवले. भाच्याचा लॅपटॉप तेवढी चित्रं काढतच नाही. ओएलईडीला मी नको म्हटलं. रोज तासन्‌तास तीच टास्कबार राहिली तर डाग उरू शकतो.

टीव्ही आता टेबलावर आहे, खुर्चीपासून तीन फुटांवर. गेमचा कंट्रोलर ताईच्या हुकमाने तूर्त माझ्या कपाटात.