खैरलांजीची बातमी महिनाभर कुठे अडकली होती?

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी गाव. संध्याकाळी गावातल्या जमावाने भोतमांगे कुटुंबावर हल्ला केला. आई सुरेखा, मुलगी प्रियंका आणि सुधीर, रोशन ही दोन मुलं, अशा चौघांना ठार मारून मृतदेह कालव्यात टाकले. वडील भैयालाल तेवढे वाचले.

तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला दसरा होता. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती, त्यामुळे नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक आले होते. भंडारा तिथून साठेक किलोमीटरवर. पण एक अख्खं बौद्ध कुटुंब मारलं गेलंय, हे त्या गर्दीतल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं.

मग बातमी छापून आलीच नव्हती का? आली होती. छोटी, आतल्या पानावर. आणि सुरुवातीच्या अनेक बातम्यांमध्ये कारण दिलं होतं : अनैतिक संबंध.

हे कारण आलं कुठून, हे समजायला तालुक्याची बातमी कशी तयार होते ते बघावं लागतं. भंडाऱ्याचं पान लागतं नागपुरात. तालुक्यातला वार्ताहर बहुतेकदा पगारी नसतोच. तुटपुंजं मानधन आणि जाहिरातींवरचं कमिशन यावर तो काम करतो. गुन्ह्याची बातमी त्याला पोलीस ठाण्यातून मिळते. तिथे जे सांगितलं जातं, ते ‘प्राथमिक माहितीनुसार’ असं लिहून पुढे जातं. शिवाय तो त्याच तालुक्यात राहतो. आज ज्यांच्याबद्दल लिहायचं, उद्या त्यांच्याच दारात वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं असतं. बातमी दडपायला दरवेळी वरून फोन यावा लागत नाही, तो असा.

त्या दोन शब्दांनी काय झाकलं? सुरेखा यांची शेती होती आणि त्यातून रस्ता काढण्यावरून जुना वाद होता. त्यातच ३ सप्टेंबरला शेजारच्या धुसाळा गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली. ते भोतमांगेंच्या बाजूने उभे राहणारे, नात्यातले. सुरेखा आणि प्रियंका यांनी हल्लेखोरांना ओळखलं, साक्ष दिली. आरोपींना अटक झाली, जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी हत्याकांड घडलं. जमीन आणि साक्ष हे दोन्ही धागे बाजूला पडले. वाचकाला मिळाली ‘भानगड’.

ही युक्ती फक्त आपल्याकडची नाही. १८९२ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात तीन कृष्णवर्णीयांना जमावाने मारलं. त्यांचं किराणा दुकान चांगलं चालत होतं आणि गोऱ्या दुकानदाराला ते खुपत होतं. आयडा बी. वेल्स तेव्हा तिथल्या ‘फ्री स्पीच’ या वृत्तपत्राची सहमालक आणि संपादक होती. मारल्या गेलेल्यांपैकी एक तिचा मित्र. अशा हत्यांसाठी गोरी वृत्तपत्रं ठरलेलं कारण छापायची : गोऱ्या स्त्रीवर अत्याचार. वेल्सने एकेक प्रकरण तपासलं आणि हे कारण खोटं असल्याचं छापलं. ती शहराबाहेर असताना जमावाने तिचं कार्यालय उद्ध्वस्त केलं. तरी ती थांबली नाही. १८९५ च्या ‘द रेड रेकॉर्ड’मध्ये तिने गोऱ्यांच्याच ‘शिकागो ट्रिब्यून’ने छापलेले आकडे वापरले, म्हणजे कुणाला ते खोटे म्हणता येऊ नयेत. (जबरदस्त डोकं!) पुलित्झरने तिची दखल घेतली २०२० मध्ये, तिच्या मृत्यूनंतर ८९ वर्षांनी.

वेल्स हे लिहू शकली, कारण पेपर तिचा होता. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला तो याच गरजेतून. त्याची पैसे देऊन केलेली जाहिरातसुद्धा ‘केसरी’ने नाकारली होती. सुरुवातीला मदत केली शाहू महाराजांनी, २,५०० रुपयांची.

खैरलांजीची खरी हकीकतही मुख्य प्रवाहाबाहेरूनच पसरली. कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन समित्या गावात गेल्या. फोटो, एसएमएस, ईमेल फिरू लागले. व्हॉट्सअ‍ॅप तेव्हा नव्हतंच. ऑक्टोबरच्या अगदी शेवटी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त साब्रिना बकवॉल्टर यांचा सविस्तर वृत्तांत आला. नोव्हेंबरात नागपूर, अमरावतीत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे खैरलांजी पहिल्या पानावर गेलं आणि तपास सीबीआयकडे.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली. दोन्ही न्यायालयांनी हा सूडाचा गुन्हा मानला, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली कुणालाही दोषी धरलं नाही. जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल गेले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं.