वाइल्डर रँच : एक राखलेलें शिवार

शहर ज्यांच्या बांधापर्यंत येऊन ठेपलें आहे अशा आमच्या वाचकांपुढें आज एका परदेशी शिवाराची हकीकत ठेवीत आहों. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांताच्या किनाऱ्यावर सांताक्रूझ (मुंबईचें उपनगर नव्हे) या शहरालगत वाइल्डर रँच नांवाचें सरकारी उद्यान आहे. रँच म्हणजे गुरें राखण्याची मोठी वाडी. क्षेत्र सुमारें ७,००० एकर असून त्यांत ३५ मैलांच्या पायवाटा आहेत. उद्यान म्हटलें म्हणजे फुलांचे ताटवे डोळ्यांपुढें येतात, ते येथें नाहींत. जुनीं घरें, गोठे, चराऊ डोंगर आणि समुद्राचे कडे, हेंच पाहावयाचें.

वाइल्डर यांनीं १८७१ सालीं भागीदारींत ही जमीन घेऊन दुभत्याचा धंदा मांडला. १८८५ सालीं वांटणी झाली. येथील लोणी नांवाजलेलें होतें. १९३७ पर्यंत हा धंदा चालला. पुढें मांसासाठीं गुरें व भाजीपाला यांवर भर आला.

आवारांत शेतकऱ्यानें अधिक वेळ थांबावें तें यंत्रशाळेंत. येथें पेल्टन चाक आहे. ओढ्याचें पाणी वरच्या अंगास अडवून नळानें खालीं आणलें आणि अरुंद तोंडांतून त्याची धार चाकाच्या कडेच्या वाट्यांवर सोडली. प्रत्येक वाटीच्या मधोमध एक कणा असतो. त्यावर पाणी दुभंगून दोहों बाजूंस वळतें व जवळ जवळ उलट दिशेनें बाहेर पडतें. चाकाचा वेग धारेच्या वेगाच्या सुमारें निम्मा ठेवला म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्यांत फारसा जोर उरत नाहीं. तो बहुतेक चाकांत उतरलेला असतो. लेस्टर पेल्टन हा सोन्याच्या खाणींच्या मुलखांतील सुतारकाम करणारा कारागीर. त्यानें १८८० सालीं याचें पेटंट घेतलें. पाणी थोडें पण उतार मोठा, अशा ठिकाणीं हें चाक फार उपयोगी पडतें. आपल्या कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील वीजघरांत याच जातीचीं चक्रें आहेत. वाइल्डर यांनीं त्यावर करवत व लेथ चालविलीं, घरांत विजेचे दिवेही लाविले. आमच्या घाटमाथ्यावरील बहुतेक ओढे दिवाळीनंतर आटूं लागतात, हें दुखणें निराळें.

समुद्राकडे जाणारी वाट शेतांच्या कडेनें जाते. भूमी हळूहळू उचलली जाऊन हा किनारा पायऱ्यांसारखा घडला आहे. सपाट पायरीवर शेती, तर कड्याखालच्या खडकांवर सील नांवाचे जलचर पहुडलेले दिसतात. शेतांत ब्रसेल्स स्प्राउट्स हें पीक असतें. तें कोबीच्याच कुळांतलें, पण एका उंच दांड्यावर लिंबाएवढे अनेक गड्डे धरतें. समुद्रावरून येणारें धुकें व गारवा त्यास मानवतो. वाटेवर कुत्रीं नेण्यास बंदी आहे. किनाऱ्याचा एक भाग पक्ष्यांच्या विणीसाठीं राखून ठेविला आहे.

हें शिवार उरलें कसें? तेथें जमिनीवरील कर बाजारभावावरून बसे, आणि शेजारीं शहर वाढलें म्हणजे तो भाव घरबांधणीचा होई. पीक तेंच, कर मात्र घरांच्या जागेचा. या ओझ्यानें वाइल्डर घराण्यानें १९६९ सालीं जमीन विकली. घेणारांनीं तेथें सुमारें दहा हजार घरांची वसाहत योजिली होती. सांताक्रूझच्या नागरिकांनीं चळवळ करून ती हाणून पाडली. १९७४ सालीं सरकारनें जमीन विकत घेतली आणि १९८९ सालीं उद्यान लोकांस खुलें झालें.

गोठे वांचले ही आनंदाची गोष्ट. पण कसणारें घराणें गेलें, तें कांहीं परत आलें नाहीं. या रोगावर त्या प्रांतानें १९६५ सालींच एक कायदा केला होता. शेतकऱ्यानें निदान दहा वर्षें जमीन शेतीखालींच ठेवण्याचा करार जिल्ह्याच्या कारभारी मंडळाशीं केला, कीं कराची आकारणी शेतीच्या उपयोगावरून होते. करार दरवर्षीं आपोआप पुढें सरकतो. तो नको असल्यास तसें कळवून उरलेली मुदत संपेपर्यंत थांबावें लागतें. तो ऐच्छिक आहे. उद्यां चढ्या भावानें विकण्याची मोकळीक सोडावयास प्रत्येक जण राजी नसतो, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

उद्यान झालें तरी किनाऱ्यावरची शेती बंद केली नाहीं. ती जमीन खंडानें कसावयास देतात. त्यामुळें पाहुण्यांच्या वाटेलगतच पेरणी-काढणी चाललेली असते, आणि वाट सोडून कोणी शेतांत शिरूं नये असा नियम आहे.