अर्ज गेला कीं राहिला?

अर्ज भरणें हें आतां घरोघरचें नित्यकर्म होऊन बसलें आहे. सातबाऱ्याचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ति, परीक्षेचें शुल्क, सारें कांहीं पडद्यावरील रकान्यांतून जातें. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची पद्धति पूर्वीं कांहीं मोठ्या शहरांपुरती होती. २०२५-२६ या वर्षापासून ती साऱ्या महाराष्ट्रास लागू झाली, आणि मावळांतील खेड्यांचीं मुलेंहि त्या रांगेंत येऊन उभीं राहिलीं. अशा वेळीं या अर्जांच्या घडणीविषयीं जाणत्या मंडळींत जो एक वाद चालला आहे, तो घरांतील वडीलधाऱ्यांनींहि समजून घ्यावा, या हेतूनें हा लेखनप्रपंच. विषय रूक्ष खरा. परंतु त्याचा धागा थेट आमच्या लोणावळ्याच्या पावसाशीं जुळतो.

इंटरनेटवरील पानें ज्या खुणांच्या भाषेंत लिहितात तिला एच्.टी.एम्.एल्. म्हणतात. अर्जाचे रकाने कसे मांडावे व 'सबमिट'ची कळ दाबली असतां काय घडावें, हें तिच्या १९९५ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत नियमबद्ध झालें. निरोप पाठविण्यासाठीं तेव्हांपासून आजतागायत अर्जाला दोनच क्रियापदें ठाऊक आहेत. पहिलें 'गेट', म्हणजे 'दाखवा'. दुसरें 'पोस्ट', म्हणजे 'हें घ्या'. मौज अशी कीं, या निरोपांची ने-आण ज्या एच्.टी.टी.पी. नामक नियमावलीप्रमाणें चालते, तिच्या १९९७ सालच्या आवृत्तींत आणखीहि क्रियापदें सिद्ध होतीं: 'पुट', म्हणजे 'या जागीं हें ठेवा', आणि 'डिलीट', म्हणजे 'हें काढून टाका'. धातुपाठांत धातु आहे, पण अर्जाला तो चालविण्याची मुभा नाहीं, अशी ही स्थिति! हीं क्रियापदें अर्जाला मोकळीं करावीं, असा प्रस्ताव आहे. एच्.टी.एम्.एल्.च्या पांचव्या आवृत्तीच्या मसुद्यांत तीं कांहीं काळ आलींहि होतीं. पुढें गाळलीं गेलीं. आतां ती मागणी पुन्हां उठली आहे.

यांत एवढें काय आहे, असें कोणी विचारील. स्वयंपाकघरांतलें उदाहरण घेऊं. दाराला कडी लावा, असें दहा जणांनीं सांगितलें, तरी कडी एकदांच लागते. आमटींत मीठ घाला, असें सासूनें सांगितलें, जावेनें सांगितलें, आणि तें दोनदां पडलें, तर पंगतींत काय होतें तें सांगावयास नकोच. 'पुट' आणि 'डिलीट' हीं कडीच्या जातीचीं क्रियापदें. 'पोस्ट' मिठाच्या जातीचें. म्हणून निरोप मध्येंच तुटला, तर कडीच्या जातीचा निरोप ब्राउझरनें आपण होऊन पुन्हां पाठविण्यास नियमावलीची हरकत नाहीं. 'पोस्ट'च्या बाबतींत मात्र तसें करूं नये असा तिचा दंडक आहे. तेथें ब्राउझर हात झटकून 'पुन्हां पाठवूं काय?' असें माणसालाच विचारतो. आणि माणूस बिचारा काय सांगणार?

पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांत डोंगर आडवे, पाऊस संततधार, वीज जाऊन येऊन, आणि मोबाइलची रेंज तिच्या मागोमाग. लोणावळ्यांतहि निराळें नाहीं. एका पावसाळ्यांत आमच्या नातीनें एका अर्जाचें शुल्क भरलें. कळ दाबली आणि त्याच क्षणीं रेंज गेली. पडद्यावर नुसतें चक्र फिरत राहिलें. आजी म्हणाली, "पुन्हां दाब गं", काका म्हणाला, "दाबूं नकोस, पैसे दोनदां जातील." मुदत त्याच रात्रीं संपत होती. तिनें पुन्हां दाबलें. पैसे दोनदां गेले, आणि जादा रक्कम परत यावयास सव्वा महिना लागला. आमच्या घरीं तेवढ्यानें चूल थांबली नाहीं. परंतु ज्या घरीं ती रक्कमच उसनी आणलेली असते, तेथें मुलीचा पुढचा अर्ज कशावर जावा?

विरोधकांचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. 'डिलीट' केल्यावर पडद्यावर उत्तर काय दाखवावें? एका संस्थळावरील अर्ज दुसऱ्या संस्थळावरील वस्तु काढूं लागला तर? शिवाय प्रत्येक अर्जाला आगाऊ क्रमांक देऊन, तोच क्रमांक दुसऱ्यांदां आल्यास नाकारतां येतो. त्यासाठीं नवें क्रियापद कशाला? हें सर्व खरें आहे. नुसतें 'पुट' म्हटल्यानें पलीकडचा हिशेब आपोआप चोख होतो असेंहि नाहीं. तेथें लिहिणारानें तो करार पाळावा लागतो. तथापि निष्णात कारागीर आज जें कष्टानें साधतो, तें सामान्य कारागिराच्या हातूनहि सहज घडावें, एवढ्यासाठींच तर नियम करावयाचा. आम्ही प्रस्तावाच्या बाजूचे आहों.

असा वाद पहिलाच नव्हे. २००३ सालीं डब्ल्यू-थ्री-सी या मंडळानें 'एक्सफॉर्म्स' नांवाची नवी, अत्यंत शिस्तीची अर्जपद्धति मान्य केली. जुन्या अर्जांशीं तिचें जुळत नव्हतें. २००४ च्या जूनमध्यें अमेरिकेंत सॅन होझे येथें झालेल्या बैठकींत मोझिला व ऑपेरा या ब्राउझरकर्त्यांनीं जुनीच पद्धति हळूहळू सुधारावी असा पक्ष मांडला. अनुकूल मतांपेक्षां प्रतिकूल मतें अधिक पडलीं. हरलेल्या पक्षानें ॲपलच्या मंडळींसह त्याच महिन्यांत 'व्हॉट-डब्ल्यू-जी' ही निराळी चूल मांडली, आणि २०१९ सालीं मूळ मंडळानेंच एच्.टी.एम्.एल्.ची सूत्रें तिच्याकडे राहूं दिलीं. शुद्धतेचा आग्रह आम्हां संस्कृतवाल्यांना प्रिय. तरीहि येथें हरलेलेच बरोबर होते असें आमचें मत आहे, कारण त्यांनीं कोणाचेंहि जुनें पान बंद पाडलें नाहीं. 'पुट' आणि 'डिलीट' यांच्या योगानेंहि एकहि जुना अर्ज बिघडत नाहीं. मात्र या संस्थेचा शिरस्ता असा कीं, निदान दोन ब्राउझरकर्त्यांनीं उत्सुकता दाखविल्यावांचून नवी गोष्ट नियमांत घालावयाची नाहीं.

तोंवर आमच्या घरीं ठरलेला क्रम असा: कळ दाबण्यापूर्वीं भरलेल्या रकान्यांचें छायाचित्र काढावयाचें, उत्तर न आल्यास पुन्हां न दाबतां, रेंज येतांच नव्यानें लॉगिन करून अर्जाची स्थिति पाहावयाची आणि बँकेचा संदेश आला आहे काय तें तपासावयाचें, आणि मुदतीच्या शेवटच्या रात्रीपर्यंत न थांबतां, आदल्या आठवड्यांतील एखाद्या उघडिपीच्या सकाळीं काम उरकावयाचें.