चूक कुठे? मागच्या स्टेशनवर!

स्क्रिप्ट चालवली आणि पडद्यावर इंग्रजी ओळींची रांगच लागली! बरेच नवशिके इथेच घाबरून लॅपटॉप मिटतात. मिटू नका. पायथनवाले या रांगेला ट्रेसबॅक म्हणतात, रुबीवाले बॅकट्रेस, तर जावास्क्रिप्टवाले स्टॅक ट्रेस. प्रोग्राम कुठून निघाला, कोणाकोणाकडे गेला आणि कुठे अडला, याचा तो चोख हिशेब असतो. आणि कर्जत-खालापूरकरांनो, तो वाचायची रीत तुमच्या रोजच्या लोकलमध्येच आहे.

सहा स्टेशनं, सहा फंक्शनं
२००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये फंक्शनला देवनागरी नाव देता येतं. मग करून बघाच. 'कर्जत' फंक्शन 'पळसदरी'ला बोलावतं, पळसदरी 'केळवली'ला, मग 'डोळवली', 'लौजी' आणि शेवटी 'खोपोली'. प्रत्येक जण प्रवासी आणि डबे हे दोन आकडे पुढच्याच्या हाती देतो. खोपोलीला भागाकार होतो: प्रवासी भागिले डबे. डबे शून्य आले की गाडी ठप्प! ट्रेसबॅकमध्ये वर मुख्य फाइल, खाली सहाही स्टेशनं क्रमाने, ओळ क्रमांकासकट, चक्क देवनागरीत. आणि तळाला 'झिरोडिव्हिजनएरर'.

वाचायचं खालून वर
तळची ओळ सांगते काय बिघडलं. तिच्या वरची नोंद सांगते कुठे. तिथून एकेक स्टेशन मागे यायचं. खोपोलीचा भागाकार बरोबरच होता, शून्य डबे कर्जतनेच पाठवले होते! गाडी जिथे अडते तिथेच बिघाड असेल असं नाही. नव्वद टक्के डोकेदुखी खोपोलीत कोड बदलत बसल्याने होते, असं मी म्हणत नाही, पण माझे कितीतरी तास तसेच गेलेत.

स्टॅक म्हणजे उतरंड
मडक्यांची उतरंड आठवते? शेवटी ठेवलेलं मडकं आधी उतरवावं लागतं. फंक्शनंही अशीच एकावर एक चढतात आणि वरून उतरतात. ट्रेसबॅक म्हणजे अपघाताच्या क्षणी काढलेला या उतरंडीचा फोटो.

हजार मडक्यांची मर्यादा
एखादं फंक्शन स्वतःलाच बोलावत सुटलं तर? पायथनची उतरंड साधारण १००० मडक्यांना थांबते आणि 'रिकर्शनएरर' येते. त्याच त्या हजार नोंदी छापायच्या ऐवजी पायथन मागची ओळ अजून किती वेळा आली, तेवढं एका वाक्यात सांगतं. क्रोम आणि नोड तर एरवी वरची १० मडकीच दाखवतात.

रुबीने पाटी उलटी केली, पुन्हा सुलटी केली
रुबीत अपघाताची जागा सगळ्यात वर असायची. डिसेंबर २०१७ मध्ये रुबी २.५ ने टर्मिनलवर हा क्रम उलटा केला. लोक गोंधळले. डिसेंबर २०२० मध्ये रुबी ३.० ने जुना क्रम परत आणला. म्हणून आधी बघा, खोपोली वर आहे की खाली!

पर्लची कबुली
पर्लच्या 'कार्प' मॉड्यूलमध्ये 'कन्फेस' म्हटलं की प्रोग्राम थांबतो आणि अख्ख्या प्रवासाची कबुली देतो. 'क्लक' म्हटलं तर कोंबडीसारखा कलकलाट करून तीच वाट सांगतो, पण चालत राहतो.

पीएचपीतलं हिब्रू
जुन्या पीएचपीच्या एका एररमध्ये 'पामायिम नेकुदोतायिम' असे शब्द यायचे. हे हिब्रू आहे, अर्थ दोनदा अपूर्णविराम! इंजिन घडवणारे झीव सुरास्की आणि अँडी गुटमान्स इस्राएलचे.

गाडी सुटलीच नाही
अवतरणात '१२' लिहून 'इंट'ला दिलं की पायथन त्याचे बारा करतं. पण कोडमध्ये नुसतं देवनागरी १२ लिहिलं की 'सिंटॅक्सएरर'! ही चूक फाइल वाचतानाच पकडली जाते, म्हणून त्या फाइलमधलं एकही स्टेशन यादीत नसतं.

घाटातली कॅच साइडिंग
कर्जतच्या वर बोरघाटात उतारावर ताबा सुटलेली गाडी अडवायला चढाचे फाटे आहेत, कॅच साइडिंग. जावास्क्रिप्टमध्ये 'कॅच', पायथनमध्ये 'एक्सेप्ट', रुबीत 'रेस्क्यू' हेच काम करतात. पण फाट्यावर गाडी आली आणि कोणी नोंदच केली नाही तर? रिकामं 'एक्सेप्ट' नेमकं हेच करतं, सगळी वाट पुसून टाकतं. तिथे निदान एररची नोंद ठेवाच.

थेट बोट ठेवणारा पायथन
२०२२ च्या पायथन ३.११ पासून ओळीतल्या नेमक्या तुकड्याखाली टोपीसारख्या खुणा उमटतात. लांबलचक हिशेबात कुठला भागाकार फसला, ते लगेच दिसतं.

शेवटी एक विनंती. मित्राला मदत मागताना फक्त तळच्या ओळीचा स्क्रीनशॉट पाठवू नका. सहाही स्टेशनं पाठवा. शून्य कर्जतला सापडेल.